हेलिकॉप्टर कुठलं घ्यावं

भवानी पेठ, सोलापूर
४ सप्टेंबर १९७७

सौ. विजयमाला लक्ष्मीनारायण यन्नम यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, मला रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर घ्यायचं आहे. जत्रेतलं खेळणं नव्हे. इंजिनाचं, हवेत एका जागी उभं राहणारं. तशी यंत्रं सध्या पश्चिम जर्मनीत होतात आणि तू पश्चिम जर्मनीत राहतेस. या पत्राचा संबंध एवढाच. यात दुसरं काही शोधत बसू नये.

पत्ता तुझ्या आईच्या ट्रंकेत सापडला. ट्रंकेत तुझी अकरा पत्रं आहेत, हेही तेव्हाच कळलं. शेजारची मुक्ताबाई मास्तरीण ती तिला वाचून दाखवते म्हणे, मी गिरणीत पहिल्या पाळीला असताना. चार वर्षं माझ्या घरात हा कारभार चालू आहे आणि मला पत्ता नाही! पत्रं मला लिहिलेली नसल्यामुळे मी वाचली नाहीत. वरवर बघितली. स्टुटगार्टला बर्फ फार पडतो असं दिसतं.

हेलिकॉप्टर का, तेही सांगतो. होटगी रस्त्याच्या माळावर प्लॉटच्या खुंट्या ठोकल्या आहेत. विमान उतरवायला शंभर पावलं सरळ जागा लागते, ती आता राहिली नाही. हेलिकॉप्टरला आपल्या परसाएवढी पुरते. शिवाय पुढच्या वर्षी मी गिरणीतून सुटतो. हवाई दलात पंधरा वर्षं खऱ्या विमानांचे नट आवळले, त्यानंतर बावीस वर्षं लहान विमानं बांधली आणि उडवली. आता नवीन विद्या शिकायची तर हीच एक उरली आहे, आणि ती मला दोन महिन्यांत येईल.

तरी तिथल्या दुकानात जाऊन चौकशी करावी. मोठ्यात मोठं यंत्र कुठलं, पात्यांचा कोन उडता उडता बदलतो ते कुठलं, इंजिन किती ताकदीचं, रेडिओ कुठला. तुला यातलं कळतं म्हणून लिहितो. सोलापुरात ज्यांना कळतं असे दोघंच होते, त्यातला एक तिकडे आहे.

यापूर्वी मी तुला एकच कार्ड टाकलं होतं, त्र्याहत्तरच्या जूनमध्ये, तुझ्या सासरच्या पत्त्यावर, तुझं विमान पडल्याचं. बॅटरीच्या तारेचा तुझा जोड कच्चा होता, तार हवेत सुटली, हे त्यात लिहिलंच होतं. झालं ते झालं. माझ्या मनात त्याचं काही नाही.

कळावे,
रावजी शेंडगे
सार्जंट (निवृत्त), भारतीय हवाई दल


२० नोव्हेंबर १९७७

चि. विजयमालास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आठ पानं, आणि त्यात माझ्या तब्येतीची एका शब्दानं चौकशी नाही. कामाचं पत्र असंच असावं. मला पसंत पडलं. तुझ्या आईला नाही.

तू दुकानात न जाता आधी त्यांच्या क्लबच्या मैदानावर गेलीस हे योग्य केलंस. दुकानदार विकायचं ते चांगलं म्हणतो. पण तिथला तो घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा तुला काय म्हणाला? ‘विमान उडवणाऱ्याला सांगा, येतं ते सगळं विसरून या.’ कमाल आहे! पोहणाऱ्याला सांगा, पाणी विसरून ये. मी त्या म्हाताऱ्याला ओळखत नाही, पण अशी माणसं हवाई दलात मी पैशाला पासरी बघितली आहेत. नवा आला की त्याला आधी घाबरवून ठेवायचं.

आता मुद्द्याचं. तू म्हणतेस, पात्यांचा कोन बदलणारं यंत्र पहिल्यांदा घेऊ नका, पाती पक्की असलेलं साधं घ्या. साध्यात इंजिनाचा जोर वाढवला की वर, कमी केला की खाली. मोडायला कमी, जुळवायला सोपं. ठीक. पण साध्यात जोर वाढवल्यावर यंत्र वर उचलायला दमानं घेतं, हे तूच पुढच्या पानावर लिहिलं आहेस. मला दमानं घेणारं यंत्र नको. तुझी आई हे वाक्य ऐकून हसली, का ते तिलाच ठाऊक.

दुसरं, मला खऱ्या हेलिकॉप्टरसारखं अंग असलेलं हवं होतं, काचेच्या नाकासकट. तू म्हणतेस, नुसता सांगाडा घ्या, अंग नको. कारण ‘पहिलं हेलिकॉप्टर पडतंच, आणि अंग असलं की पडल्यावर आत काय तुटलं ते दिसत नाही.’ पडतंच म्हणजे काय? मी काय शाळकरी पोर आहे? पण सांगाड्याला वारा कमी लागतो, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. आपल्याकडचा वैशाखातला वारा तुला आठवतो म्हणायचा.

यंत्राची आकृती तुझ्या हातची वाटत नाही. यन्नमनी काढलेली दिसते. रेघ सरळ आहे.

शेवटी तू लिहिलं आहेस की क्लबातल्या एकानं तुझ्या हातात ट्रान्समीटर देऊ केला आणि तू घेतला नाहीस. त्र्याहत्तरनंतर तू एकदाही ट्रान्समीटरच्या काडीला हात लावला नाहीस. हे वाक्य मी दोनदा वाचलं. बरं, ते असो.

रेडिओचं कळव.

तुझा,
रावजी शेंडगे


५ फेब्रुवारी १९७८

चि. विजयमालास आशीर्वाद.

ठरलं. साधं यंत्र, पक्की पाती, सांगाडा. तुझ्या हट्टापुढं मी हात टेकले असं समजू नकोस. कागदावर बेरीज करून बघितली आणि पटलं.

रेडिओ चार मार्गांचा पुरे. काड्या दोन, चार हालचाली, तेवढीच माझी बोटं आहेत. पण तो सत्तावीस मेगासायकलचाच हवा, दुसरा चालणार नाही. माझं दिल्लीचं लायसन त्याच पट्ट्याचं आहे. तुला आठवत असेल, लायसनचा कागद आपण काच लावून भिंतीवर टांगला होता. तू गेल्यावर आणीबाणीत तो कामी आला. एक फौजदार दारात आला, म्हणाला, ‘तुम्ही बिनतारी यंत्रावर कुणाशी बोलता?’ मी त्याला माळावर नेलं, विमान जमिनीवर ठेवलं, आणि काडी हलवून विमानाचं शेपूट हलवून दाखवलं. म्हटलं, ‘ह्याच्याशी बोलतो. पण ते उलट उत्तर देत नाही.’ तासभर बसला, चहा घेतला, आणि जाताना विचारून गेला की किती उंच जातं.

तो नवा गायरो की काय, शेपूट आपोआप सरळ ठेवणारा, तो नको. माझा अंगठा कशाला आहे? सुरू करायचा विजेचा स्टार्टर मात्र हवा. त्याला बॅटरी ट्रकची लावीन. सुटी पाती दोन जोड पुरेत, लाकूड आणि रंधा इथं आहे, पुढची मी करीन. शेपटाची पाती मात्र चार पाठव, ती मला इथं साधणार नाहीत.

हे सगळं तुमचे अक्कलकोटचे गुरुसिद्धप्पा आणतील हे उत्तम. माणूस कायमचा परत येतोय, सामान असणारच, त्यात एक पेटी जास्त.

आता एक रागावण्याची गोष्ट. बॅटरीच्या तारांचे जोड तू दुकानातल्या माणसाकडून करून घेणार आहेस, असं लिहितेस. ‘माझ्या हाताचा भरवसा नको.’ का नको? तेरा वर्षांची असताना तू दिलेले जोड मी ओढून बघायचो आणि तार तुटायची, जोड सुटायचा नाही. जोड तूच द्यायचेस. दुसऱ्याचा जोड असला तर पेटी मी उघडणार नाही, आहे तशी परत पाठवीन. हे वाकडं बोलणं नाही, हा हुकूम आहे.

तुझी आई म्हणते, ‘तिला म्हणावं, थंडीचं कान बांदत जा.’ कळवलं.

आप्पा


१४ मे १९७८

चि. विजू,

पेटी आली! गुरुसिद्धप्पा स्वतः रिक्षातून घेऊन आले, मांडीवर धरून, लेकरू आणावं तशी. एक स्क्रू हरवलेला नाही. तू प्रत्येक पुडीवर मराठीत चिठ्ठी लावली आहेस, ‘आप्पा, ही शेवटी’, ‘आप्पा, ही घट्ट नको’. मी तशीच बांधणी केली. दोन ठिकाणी माझ्या मनानं केली आणि मग उकलून तुझ्या चिठ्ठीप्रमाणे केली.

जोड बघितले. भिंग लावून बघितले. ओढून बघितले. एक नंबर.

इंधनाचा प्रश्न सुटला. स्पिरिट शिवप्पा देतो, रंगांच्या रसायनांचा व्यापारी. एरंडेल तेल घाण्यावरून आणलं, दोनदा गाळलं. इंजिन पहिल्या दिवशी सुरू झालं तेव्हा अख्खी भवानी पेठ पोट साफ केल्यासारखी वास मारत होती. लोक विचारायला आले. तुझ्या आईनं दारातूनच परत लावले, ‘काय न्हाय, आमच्या घरात हेलिकाप्टर हाय.’

धूळ हा मोठा शत्रू. पाती फिरली की जमिनीवरची सगळी माती वर येते आणि इंजिनात जाते. तुमच्याकडं गवत असतं. त्यावर उपाय तुझ्या आईनं काढला. आता रोज पहाटे सहाला आम्ही माळावरच्या कोपऱ्यात जातो, ती दोन घागरी पाणी शिंपून दारात घालते तसा सडा घालते, आणि त्यावर मी यंत्र ठेवतो. एकदा म्हणाली, ‘रांगुळी काडू का?’ दुसऱ्या दिवशी खरंच काढली होती.

तू सांगितल्याप्रमाणे पायांखाली दोन बांबूच्या काठ्या आडव्या-उभ्या बांधल्या, टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू. त्यामुळं कलंडत नाही. मी शेपटीकडं उभा राहतो, यंत्राचं तोंड माझ्यापासून दूर, म्हणजे डावं ते डावं, उजवं ते उजवं. सुरुवातीचे आठ दिवस नुसतं जमिनीवर घसरवलं. काल ते वीतभर वर आलं आणि मोजून अकरा आकडे होईपर्यंत तसंच उभं राहिलं.

विजू, विमान आपण उडवतो तेव्हा ते आपल्यापासून लांब लांब जातं आणि आपण त्याला ओढून आणत असतो. हे जागेवर थांबतं. मला वाटलं होतं यात काय मोठंसं! थांबवणं हेच सगळ्यात अवघड निघालं. पाठ घामानं भिजली, आणि मला तीस वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद झाला. तू इथं असायला हवी होतीस. हे मी तसंच लिहून टाकतो, परत वाचत नाही.

यन्नम यांना आशीर्वाद सांग.

आप्पा


२ जुलै १९७८

चि. विजू,

हे छोटंच पत्र. हेलिकॉप्टर पडलं. कंबरेएवढं वर होतं, छान उभं होतं, आणि एकाएकी ऐकेना. रेडिओ क्षणभर तुटला असावा. अशा वेळी कुणाचं काय चालणार? शेपटीचा दांडा वाकला, दोन्ही मोठी पाती गेली, शेपटाची पाती गेली. बाकी सगळं ठीक. जमल्यास दांडा कुणाबरोबर पाठव.

ओळी वाकड्या आल्या आहेत कारण कागद धरायला दुसरा हात मोकळा नाही. त्यात चहाचा कप आहे.

काळजीचं कारण नाही. परत उडवणारच आहे.

आप्पा


६ ऑगस्ट १९७८

विजू,

तुझं पत्र तीन ओळींचं. ते मी इथं तसंच उतरवतो, म्हणजे मला पुढचं लिहिता येईल. ‘रेडिओ तुटला म्हणजे माझाच जोड सुटला असणार. पुन्हा तेच झालं. दांडा यांच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवते, पण जोडाला आता मी हात लावणार नाही, आणि कृपा करून मला लावायला सांगू नका.’

मुक्ताबाईनं ते तुझ्या आईला वाचून दाखवलं. गिरणीतून आलो तर ही उंबऱ्यात बसलेली. म्हणाली, कागद घ्या आणि मी सांगते ते लिवा, एक अक्षर इकडचं तिकडं न करता. तर आता तिचं बोलणं:

‘विजू, बाई, तुज्या जोडाला काय बी झालेलं न्हाय. म्या तितंच हुबी हुते, घागर घिऊन. हेलिकाप्टर खाली याया लागलं. ह्यांनी काडी मागं वडली. म्या बगितलं. मागं वडल्याबरूबर ते शेपटीकडनं ह्यांच्याच अंगावर आलं. ह्ये मागं सरले, त्ये बी मागं. शेपूट भुईला लागलं, त्ये उलटं झालं आन् पात्याचा तुकडा ह्यांच्या डाव्या हाताला लागला. आट टाकं हायती. च्याचा कप बिप काय न्हवता. लिवलं का? लिवलं न्हाय तर मास्तरणीकडनं लिवून घीन.’

लिहिलं. आता माझं.

तिचं खरं आहे. यंत्र खाली येत होतं. बावीस वर्षं विमान खाली यायला लागलं की माझा हात काय करतो? काडी मागं ओढतो, विमान नाक वर करतं. त्या दिवशीही हातानं तेच केलं, मला न विचारता. हेलिकॉप्टरची काडी मागं ओढली की ते वर जात नाही. मागं येतं. आणि मागं मी उभा होतो. तुझ्या त्या घड्याळवाल्या म्हाताऱ्याला हेच म्हणायचं होतं. नाचता येईना अंगण वाकडं. बावीस वर्षांच्या उडवणाऱ्यानं पहिल्या महिन्यातल्या पोरासारखी चूक केली हे लिहायची लाज वाटली, म्हणून रेडिओवर ढकललं. तू ते स्वतःवर घेशील हे माझ्या ध्यानातही आलं नाही. ध्यानात यायला हवं होतं.

तुझी आई आता भाकरी थापायला आत गेली आहे. पुढचं तिलाही माहीत नाही. हे लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवणार आहे.

तुझा जोड आत्ता कच्चा नव्हता, आणि तेव्हाही नव्हता.

११ जून १९७३. तू आणि यन्नमनी कचेरीत जाऊन सह्या केल्याचं मला गिरणीच्या फाटकात तिसऱ्याच माणसानं सांगितलं. मला काय काय वाटलं ते लिहीत नाही. विणकराचं पोर, आपल्यातलं नाही, मला विचारलं नाही, लोक काय म्हणतील, हे सगळं वाटलं. तू निघून गेलीस यापेक्षा तू मला न सांगता गेलीस याचा राग जास्त होता. संध्याकाळी मी तुझं विमान उचललं. तुझा ‘पारवा’, तू अकरा महिने खपून केलेला. माळावर गेलो, एकटा. वर नेलं. फार वर नेलं. ते इतकं सरळ चाललं होतं की काडीवरचा हात काढला तरी चालेल. मग मी काडी पुढं ढकलली आणि तशीच धरून ठेवली.

मला थांबता आलं असतं. जमीन यायला वेळ लागतो. त्या वेळात मी हात उचलला नाही.

जवळ जाऊन बघितलं तर लाकडाचा भुगा झाला होता, इंजिन हातभर मातीत. आणि बॅटरीची तार तुझ्या जोडाला तशीच धरून होती. तो जोड मी हातानं ओढला, सुटेना. शेवटी पक्कड लावून तोडला. घरी आलो आणि कार्ड लिहिलं.

त्या कार्डामुळं तू काडी सोडलीस, हे मला गेल्या नोव्हेंबरात कळलं. तेव्हाच लिहायला हवं होतं. त्याऐवजी तुला हुकूम सोडला की जोड तूच द्यायचेस. मला वाटलं, यंत्र इथं नीट उडलं की तुझा भरवसा आपोआप परत येईल, आणि मला काही सांगावं लागणार नाही. मी लबाडी एका वेळी केली आणि ती फेडायला निघालो तेही लबाडीनं.

हेलिकॉप्टर मला तितकंसं नकोच होतं. माळावर अजून विमानापुरती जागा आहे. चार वर्षांनी तुला पत्र लिहायला काहीतरी काम हवं होतं, आणि कामाशिवाय मला लिहिता येत नाही. आता खरोखरच हवंसं झालं आहे, ती गोष्ट वेगळी.

मी चुकलो. माफ कर असं म्हणत नाही, ते तू ठरवायचं. फक्त एवढं कर, की तुझा हात चांगला आहे यावर विश्वास ठेव. माझ्यावर ठेवू नकोस. त्या जोडावर ठेव.

तुझा
आप्पा


१७ डिसेंबर १९७८

विजू,

चार महिने तुझं पत्र नाही. यायला हवं असंही नाही.

घरचं सांगतो. ते पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं, तेव्हा ती उठून गेली. आठ दिवस बोलली नाही. ताट वाढायची, चहा ठेवायची आणि निघून जायची. नवव्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, ‘पाच वर्सं पोरीचं हात बांदून ठिवलं तुमी.’ तेवढंच. मी जेवायचा थांबलो. ती म्हणाली, ‘जेवा. उपाशी ऱ्हाऊन काय फिटनार हाय?’

दुसऱ्या दिवशी मी साखर पेठेत यन्नम यांच्या घरी गेलो. सोलापुरात राहून पाच वर्षांत पहिल्यांदा. व्याही मागावर बसले होते. उठले नाहीत, सुरू केलेली ओळ पुरी केली आणि मग उठले. ते मला आवडलं. मी त्यांना सगळं सांगितलं, विमानाचंसुद्धा, कारण त्यांच्या घरातही त्या कार्डाची गोष्ट पोचली होती. नवी सून हाताची कच्ची आहे, अशी. त्यांनी मागावरचं सूत बोटानं चाचपलं. मग म्हणाले, ‘सुतातली गाठ कुणाची सुटली, ते कापडावर दिसतं हो. पण बोलायचं कुणी?’ विहीणबाईंनी चहा दिला. मग मागाचा पट्टा उजवीकडं घसरतो म्हणाले, म्हणून माग बघितला. पुली वाकडी होती. रविवारी जाऊन सरळ करून दिली.

हेलिकॉप्टर दुरुस्त झालं. दांडा मिळाला, पाती मी स्वतः केली, दोन्ही बाजू सुईवर तोलून. हात बरा आहे, बोटं सगळी हलतात. रोज सकाळी उडवतो. तुझी आई शेजारी उभी राहते आणि यंत्र जरा खाली आलं की माझ्याआधी ओरडते, ‘मागं नगं! मागं नगं!’ त्यानं माझा हात सुधारला. आता परसाच्या रुंदीएवढं पुढं नेऊन परत आणतो. तोंड माझ्याकडं करून अजून साधत नाही, पण साधेल. उन्हाळ्याच्या आत साधेल, लिहून ठेव.

काल जावईबापूंचं पत्र आलं. अक्षर सुरेख आहे त्यांचं. लिहितात, तू माझं पत्र वाचलंस, घडी घातलीस. तिसऱ्या दिवशी घरातली सगळी भांडी घासून काढलीस. नंतर एका रविवारी त्यांना म्हणालीस, मैदानावर सोडा. पुढच्या रविवारी परत. मग एके दिवशी त्या घड्याळवाल्या म्हाताऱ्यानं न विचारता तुझ्या हातात आपला ट्रान्समीटर दिला आणि स्वतः खुर्ची घेऊन लांब जाऊन बसला. जावईबापू म्हणतात, तुला माझं नाव काढलेलं चालत नाही. आपण पत्र लिहितोय हे तुला सांगितलेलं नाही, असंही म्हणतात. फोटो त्यांनी गुपचूप पाठवला आहे. आता मी हे लिहिल्यावर गुपित कसलं राहतंय! त्यांना सांभाळून घे, माणूस चांगला आहे.

फोटो समोर ठेवून लिहितो आहे. तुझ्या आईनं आधी पदरानं पुसला, मग छातीशी धरला, मग मला दिला. मैदान, कुठं कुठं पहिला बर्फ, लांब झाडांची ओळ. वर एक विमान आहे, हवाबाणाच्या गोळीएवढं दिसतंय, पण पंख सरळ आहेत. वारा डावीकडून असावा, तू वजन डाव्या पायावर घेतलं आहेस, बरोबर घेतलं आहेस. कोपरं अंगाशी. कानाला रुमाल बांधला आहेस, हे तुझ्या आईनं तीनदा दाखवलं.

पाठमोरी आहेस. चेहरा दिसत नाही. तुझी आई म्हणाली, ‘तोंड फिरवून हुबी हाय की वो.’ तिला वाटलं, मला वाईट वाटेल.

मी तिला सांगितलं, विमान हवेत असताना उडवणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं. मागं कुणी का असेना.

तू उडव. पत्र लिहायची घाई नाही. विमान नीट उतरलं, इंजिन थांबलं, की मग वाटलं तर वळ. मी इथंच उभा आहे.

आप्पा